दोन सूत

आमच्या मागच्या दाराबाहेरचा लाकडी डेक मी दोनदा बांधला. पहिल्या वेळी तो का बिघडला, याबद्दल मी घरात बरेच महिने खोटं बोललो. ते इथे सरळ लिहून टाकतो.

हर्सूलच्या बाजूला आमचं घर आहे. मागच्या दाराला तीन पायऱ्या, खाली छोटं अंगण आणि अंगणाच्या टोकाला कडुनिंब. अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, लकवा मारला. उजवी बाजू गेली, बोलणंही जवळजवळ गेलं. एखाददुसरा शब्द यायचा, तोही अर्धा. आधी ते रोज सकाळी त्या निंबाखाली बसायचे. आता चाकाच्या खुर्चीतून दारापर्यंत यायचे आणि तीन पायऱ्यांकडे बघत राहायचे. उतार करावा तर अंगण तेवढं लांब नाही. म्हणून मी ठरवलं, उंबऱ्याच्या उंचीला लाकडी डेक करायचा. खुर्ची सरळ बाहेर, निंबाच्या सावलीत.

अण्णा आयुष्यभर सुतारकाम करत होते. घरात त्यांनी मला रंध्याला हात लावू दिला नाही. "हात खराब करू नको, पुस्तक घे," म्हणायचे. मी पुस्तक घेतलं आणि कार्यालयात टेबलाशी बसायची नोकरी मिळवली. शाळेच्या अर्जावर वडिलांच्या धंद्यापुढे मी 'खाजगी काम' असं लिहायचो. हे अण्णांना माहीत होतं की नाही, मला ठाऊक नाही.

"सुतार लावला तर अण्णांना बरं वाटणार नाही," असं मी आईला सांगितलं. ते खरं नव्हतं. मला ते त्यांच्यासमोर स्वतः करून दाखवायचं होतं.

मोबाईलवर पाहून पाहून मी शिकलो. सिमेंटचे ठोकळे बसवले, त्यावर वासे टाकले. वखारीतून पाईनच्या पाच इंची बावीस फळ्या आणल्या. रविवारी मी काम करायचो आणि अण्णा दारात बसून बघायचे. आमचा शेजारी कुंपणाच्या भिंतीवरून डोकावायचा. त्याचं गेट-ग्रिलचं वेल्डिंगचं दुकान आहे.

"क्या साहेब, जहाज बना रे क्या?"

"डेक आहे, भाई."

"वही तो. हर्सूल तलाव में कब छोड़ना है बोलो, अपन धक्का मारते."

अण्णांच्या तोंडाची डावी बाजू हलली. ते हसले होते. त्या दिवसांतलं त्यांचं हसणं मला आठवतं ते एवढंच.

फळ्या बसवायच्या दिवशी मी पहिल्या दोन फळ्या एकमेकींना घट्ट भिडवल्या, हातोडीनं ठोकून. खुर्चीची पुढची चाकं लहान असतात, ती फटीत अडकू नयेत, असा माझा विचार होता. सुईसुद्धा जाणार नाही असं काम करायचं होतं.

अण्णा दारातून म्हणाले, "सूत."

माझ्यापाशी ओळ धरायला बांधलेली दोरी होती. मला वाटलं, ओळ वाकडी दिसते आहे. मी दोरी ताणून दाखवली. "सरळच आहे की, अण्णा."

त्यांनी मान हलवली. डाव्या हाताची दोन बोटं वर केली. "दोन. सूत."

मी घरात जाऊन दुसरी दोरी आणली. दोन्ही बाजूंनी ताणली. अण्णांनी डाव्या हातानं खुर्चीचा दांडा जोरात आपटला. पुन्हा दोन बोटं, पुन्हा तोच शब्द. ऊन चढलं होतं, माझ्या हाताला फोड आले होते. मी ओरडलो. "अण्णा, आता गप बसा! तुमच्यानं व्हत नाय ते आता. मला करू द्या."

त्यांनी बोटं खाली घेतली. आई स्वयंपाकघरात होती, भांड्यांचा आवाज थांबला. संध्याकाळपर्यंत बावीसही फळ्या बसल्या.

जूनमध्ये अण्णा रोज बाहेर बसले. जुलैत लाकडानं पाणी घेतलं आणि फळ्या फुगल्या. जागा नसल्यानं त्यांनी एकमेकींना रेटलं. मधल्या चार-पाच फळ्या वर उचलल्या गेल्या, स्क्रूसकट. मी ते पाहिलं होतं. पुढच्या रविवारी बघू, म्हणालो. शनिवारी सकाळी मीच खुर्ची ढकलत होतो. पुढचं चाक उचललेल्या फळीला अडलं, खुर्ची पुढे झुकली आणि अण्णा तोंडावर पडले. कपाळाला टाके पडले. फार लागलं नाही, असं डॉक्टर म्हणाले.

त्यानंतर खुर्ची दाराशी आली की अण्णा डाव्या हातानं चौकट धरायचे. त्या हातात अजून सुताराची ताकद होती. एकेक बोट सोडवून पाहिलं, सुटत नव्हतं. मग मी प्रयत्न सोडला. ते पुन्हा खोलीत बसू लागले.

बहीण खुलताबादहून बघायला आली. "असं कसं झालं रे दादा?"

"वखारवाल्यानं कच्चं लाकूड दिलं," मी म्हणालो. अण्णा समोरच होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं. ओठ हलले, शब्द आला नाही. मी पाण्याचा पेला उचलून आत गेलो. पुढे जो कोणी आला त्याला मी हेच सांगितलं, अण्णांसमोर. तेव्हा मला खरं कारण कळलं नव्हतं, पण लाकूड चांगलं वाळलेलं होतं हे मला माहीत होतं. मी स्वतः निवडून आणलं होतं.

दिवाळीनंतर फळ्या वाळल्या. मी एकेक स्क्रू काढत बसलो होतो, तेव्हा शेजारी भिंतीवरून बघत म्हणाला, "गॅप नहीं छोड़े क्या साहेब?"

"कसली गॅप?"

"लकड़ी है, फूलती. दो सूत छोड़ना मंगता था." आणि त्यानं दोन बोटं वर केली.

"दोन सूत म्हणजे?"

"सूत नहीं मालूम? इंच के आठ सूत. दो सूत, बोले तो पाव इंच." मग तो हसला. "अब्बा सुतार और बेटे को सूत नहीं मालूम! उनको पूछना था ना."

हा शब्द मी कधी ऐकलाच नव्हता असंही नाही. घर बांधताना मिस्त्री सळईबद्दल तीन सूत, चार सूत म्हणायचा. मी कळल्यासारखी मान हलवायचो. माझ्या हातात स्क्रू ड्रायव्हर होता. मी पुढचा स्क्रू काढला. वाईट वाटायला हवं होतं, ते वाटलं नाही. हात चालत राहिले.

शेजाऱ्यानं दुकानातून दोन सूत जाडीच्या लोखंडी पट्टीचा एक तुकडा आणून दिला. प्रत्येक दोन फळ्यांमध्ये ती पट्टी उभी धरायची, फळी बसवायची, पट्टी काढायची. वीस फटी झाल्या. वीस फटींचे पाच इंच, म्हणून एक फळी उरली. ती मी बाहेरच्या कडेला उभी ठोकली, चाक अडायला.

काम संपल्यावर पट्टी घेऊन मी अण्णांपाशी गेलो. "अण्णा, दोन सूत ठेवलेत," म्हणालो. त्यांनी पट्टी घेतली. अंगठ्यानं तिची कड तपासली, आणि ती आपल्या सदऱ्याच्या खिशात टाकली. मी खुर्ची दारापर्यंत नेली. त्यांनी चौकट धरली.

रात्री जेवताना आईला म्हणालो, "आई, लाकूड कच्चं नव्हतं. अण्णांनी मला तेव्हाच सांगितलं होतं. दोन सूत. मला कळलं नाही."

आईनं माझ्या ताटात भाकरी वाढली. "मला म्हाईत हाय."

"मग बोलली का नाहीस?"

"मला वाटलं तुला ठाऊक असंल. सुताराचं लेकरू तू. म्हटलं, याचं काय नवीन पद्धतीचं असंल." मग ती म्हणाली, "आन तू लई जोरात वरडला होतास."

दुसऱ्या दिवशी मी बहिणीला फोन लावला आणि आवाज मोठा ठेवला, अण्णांना ऐकू जावा म्हणून. सांगितलं, लाकडाचा काही दोष नव्हता. अण्णा सांगत होते, मी त्यांना गप बसवलं. बहीण "बरं" म्हणाली आणि तिच्या मुलीच्या परीक्षेचं बोलू लागली. अण्णा चहा पीत होते. त्यांनी चहा संपवला.

त्या आठवड्यात मी कार्यालयात असताना आईनं त्यांना बाहेर नेलं. संध्याकाळी तिनं मला सांगितलं, "आज बसले थोडा येळ."

"चौकट धरली नाही?"

"नाय धरली."

मी घरी असलो आणि खुर्चीला हात लावला की ते अजूनही धरतात. म्हणून रविवारीही आईच ढकलते. मी स्वयंपाकघरात उभा राहतो. प्रत्येक फटीवर चाकाचा बारीक खटका होतो, तो आतपर्यंत ऐकू येतो. मी मोजतो. चार-पाच खटके झाले की अण्णा हात वर करतात आणि आई थांबते. निंबाची सावली पंधराव्या फटीपासून सुरू होते.

परवा बारा खटके झाले.