जिनिंगच्या फाटकावरचे दोघे

एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला असताना आमच्या सरांनी मला धुळ्याच्या एका कामगार संघटनेकडे पाठवलं. संघटनेला जुन्या संपाचा इतिहास लिहून हवा होता. संप झाला होता कापसातून सरकी काढणाऱ्या एका जिनिंग कारखान्यात, माझ्या जन्माच्या कितीतरी आधी. एका बाईचा हात मशीनमध्ये सापडला, बोटं गेली, आणि मालकाने तिला उद्यापासून येऊ नको म्हणून सांगितलं. तिला परत घ्या म्हणत सगळे कामगार फाटकाबाहेर येऊन बसले, तेही ऐन हंगामात. लाठीमार झाला, धरपकड झाली. संघटना म्हणे त्यातूनच उभी राहिली. आता वर्धापनदिनाला पुस्तिका काढायची होती.

मी नशिराबादची. सुट्टी मिळाली की जळगावहून धुळ्याची एसटी पकडायची आणि संघटनेने सांगितलेल्या घरी जाऊन बसायचं. बरेच जण वारले होते. काहींना आठवत होतं ते नेत्यांच्या भाषणांतलंच. मग मला चाचा भेटले.

चाचा त्या काळी कारखान्यातल्या प्रेसवर कापसाच्या गाठी बांधायचे. आता डोळ्यांनी अधू झाले होते, सुनेच्या आधाराने ओट्यावर येऊन बसायचे. पहिल्या भेटीत त्यांनी लाठीमार सांगितला, कोठडी सांगितली. तिसऱ्या-चौथ्या भेटीत, मी फोनवरचं रेकॉर्डिंग बंद केल्यावर, म्हणाले, "बेटा, तू भडगावला कधी जातेस का?"

"का हो चाचा?"

"तिथे माझा एक दोस्त असतो. म्हणजे असायचा."

दोघं एकाच पाळीत होते, एकाच डब्यात जेवायचे. संपात फाटकावर शेजारी शेजारी बसले. पण संप लांबला आणि दोस्ताचं लेकरू घरी तापाने फणफणलं. एका सकाळी पोलिसांच्या कड्यातून जे पहिले काही जण कामावर आत गेले, त्यात तो होता. चाचांच्या समोरून गेला. चाचा त्याच्या पायाशी थुंकले. त्यानंतर दोघांत एक शब्द नाही. संप मोडला, सगळेच हळूहळू आत गेले, पण फितूर म्हणून नाव पडलं ते त्या पहिल्यांचं. दोस्ताने धुळं सोडलं.

"मी त्याला काहीतरी सांगायचं म्हणतोय," चाचा म्हणाले. "तुझ्या फोनमध्ये भर."

मी फोन त्यांच्या तोंडाशी धरला. त्यांनी आधी घसा खाकरला. मग एकदम म्हणाले, "अरे, मी बोलतोय. प्रेसवरचा. तू आत गेलास ते बरोबर केलंस. आणखी दोन दिवस संप चालला असता तर मीही गेलो असतो. सगळ्यांदेखत पाय उचलायची हिंमत तेवढी तुझ्यात होती."

भडगावला मी एकटीच गेले. चाचांचा तो दोस्त, म्हणजे आबा, गिरणा नदीच्या बाजूला मुलाच्या घरी राहत होते. धुळ्याच्या संपाबद्दल म्हटल्यावर उठून आतच निघाले होते. मी घाईने फोनवरचं चाचांचं रेकॉर्डिंग लावलं. ते दारातच थांबले. संपल्यावर म्हणाले, "त्याना आवाज तसाच शे." पुन्हा लावायला सांगितलं. पुन्हा ऐकलं. मग खाटेवर बसून टोपी काढली, गुडघ्यावर ठेवली, आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "मी येसू धुळ्याले."

त्या वयात मला वाटत होतं की मी फार मोठं काम करते आहे. हे दोघे भेटतील, रडतील, आणि माझ्या लेखनाला जिवंत शेवट मिळेल. संघटनेच्या सचिवांना मी उत्साहाने सांगितलं. ते म्हणाले, "चाचांचं घ्या. दुसऱ्याचं राहू द्या. पुस्तिकेत फुटलेल्यांना कशाला जागा?"

आबा मुलासोबत धुळ्याला आले. चाचांच्या सुनेने चहा केला, शेव दिली. चाचांनी हात पुढे केला, आबांनी तो धरला आणि जरा वेळाने सोडला. रडलं कोणीच नाही. चाचांनी मोतीबिंदूचं सांगितलं. आबांनी गुडघ्यांचं. गिरणेला यंदा पाणी किती, कापूस कसा, अमका आहे का, तमका कधी गेला. माझा फोन चालू होता आणि त्यात नुसत्या कपबशा वाजत होत्या.

मग आबांनी विचारलं, "ती बाई कोठे गई रे?"

"कोण?"

"जिना हात सापडना व्हता ती."

चाचा विचारात पडले. संपानंतर तिला कामावर घेतलंच नव्हतं. नवऱ्यासोबत कुठेतरी निघून गेली; सुरतेला असेल. चाचांनी तिचं एक नाव सांगितलं. आबा म्हणाले, नाही, ते तिच्या जावेचं. त्यांनी दुसरं सांगितलं. ते चाचांना पटलं नाही. ज्या बाईसाठी दोघांनी मार खाल्ला, दोस्ती गमावली, तिचं नाव दोघांनाही आठवेना. दोघं एकमेकांकडे बघत बसले, आणि त्या दुपारी पहिल्यांदा मला त्यांच्या चेहऱ्यावर सारखंच काहीतरी दिसलं.

स्टँडवर आबांना गाडीत बसवायला मी गेले होते. मुलगा तिकिटाला गेल्यावर ते म्हणाले, "पोरी, तुले उशीर व्हयना. आमना हातपाय चालेत तवय उनी व्हतीस, तं आम्ही भांडतूत तरी."

हातपाय धड होते तेव्हा मी आले असते तर निदान भांडण तरी झालं असतं, असं त्यांचं म्हणणं. तेव्हा तर मी जन्मलेही नव्हते, हे म्हणण्यात काही अर्थ नव्हता.

पुढे मी त्या बाईचा खूप शोध घेतला. जुन्या वस्तीत विचारलं, संघटनेत विचारलं. सगळ्यांना संप माहीत होता. पुस्तिका निघाली, तीत चाचांचा फोटो आहे. बाईबद्दल 'एक महिला कामगार' एवढंच आहे. ते मीच लिहिलं, दुसरं काही लिहिण्यासारखं माझ्याकडे नव्हतं. आबांविषयीचा मजकूर सचिवांनी काढून टाकला. मी भांडले, पण छपाईला गेलेलं परत आलं नाही.

त्या हिवाळ्यात चाचा गेले. आबांना कळवायला मी फोन केला तर मुलाने उचलला, मी त्यालाच सांगितलं. म्हणाला, "ते ओट्यावर बसले आहेत, सांगतो." मागून आबांचा आवाज आला, कोणाचा फोन म्हणून विचारणारा. मुलाने त्यांना काय सांगितलं ते मला ऐकू आलं नाही. मग पलीकडून फोन ठेवला गेला.