खात्रीकाकांचा पुठ्ठा

खात्रीकाकांचा सख्ख्या आईवर तरी विश्वास होता की नाही, हे आता कुणाला विचारायची सोय नाही. गाड्यांच्या सुट्या भागांवर मात्र तो कधीच नव्हता. जुन्या इंजिनाला कोणती बेल हाउसिंग बसेल, हे सांगण्यात त्यांची हयात गेली. हाउसिंग म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स यांना जोडणारं, घंटेच्या आकाराचं ओतीव कवच. दिसायला सगळ्या सारख्याच, पण बोल्टचं एक भोक इकडचं तिकडे असलं की गिअरबॉक्स जन्मात बसत नाही. म्हणून काका इंजिनाच्या पाठीवर पुठ्ठा धरून भोकं पाडून घेत. हाउसिंगचं तोंड इंजिनाच्या समोर येतं, त्यामुळे तिच्यावर ठेवताना तोच पुठ्ठा उलटा करायचा. गफलत नको म्हणून एका बाजूला ‘इंजिन’ आणि दुसरीला ‘हाउसिंग’ लिहिलेलं असे.

थोरल्या भावाची गाडी हाउसिंग फुटल्यापासून अकरा वर्षं विटांवर उभी होती. भाऊ थकत चालला होता. त्याला एकदा तरी तिच्यातून फिरवून आणायचं, एवढंच काकांनी मनात धरलं होतं. अखेर त्यांच्या तीस वर्षांपासूनच्या दोस्ताने, भंगारवाल्याने, तसली एक हाउसिंग शोधून आणली.

तिच्यावरचा ओतीव नंबर बघताच काकांच्या मनात पाल चुकचुकली. नंबराभोवती कानशीचे ताजे ओरखडे होते.

“हे कुणी घासलं?”

“मीच. गंजामुळे नंबर दिसेना, म्हणून तुझ्यासाठी साफ केला.”

आपल्यासाठी, हे काकांना जास्तच खटकलं. त्यांनी पुठ्ठा ठेवला. सहापैकी चार भोकं जुळली, दोन करंगळीभर सरकलेली.

“नंबर बनावट आहे,” काका म्हणाले. “मलाच टोपी घालायला निघालास?”

भंगारवाला हाउसिंग हातगाडीवर ठेवून निघून गेला.

तिसऱ्या दिवशी केर काढताना काकूंनी टेबलाच्या पायाखालून एक पुठ्ठा ओढला. त्याच इंजिनाचा, कडा झिजल्या म्हणून काकांनी महिन्यापूर्वी टाकून दिलेला. नवा त्याच्यावरूनच कापला होता.

“हा इथे कुणी ठेवला?” काकांनी विचारलं.

“मी ठेवला. टेबल डुगडुगत होतं. बघा, त्यातही काही काळंबेरं सापडतंय का.”

काकांनी खरंच बघितलं. दोन्ही पुठ्ठे ‘हाउसिंग’ची बाजू वर करून एकावर एक ठेवले. चार भोकं जुळली, दोन सरकली. नवा पालथा केला तर सहाही जुळली. नव्यावर नावं उलट्या बाजूंना लिहिली गेली होती, काकांच्याच वळणदार अक्षरात. त्यांना स्वतःची भयंकर लाज वाटली.

चपला कशाबशा पायात सरकवून ते भंगारवाल्याकडे गेले.

“माझंच चुकलं. हाउसिंग कुठंय?”

“काल फोडून भट्टीला दिली. आणखी कुणाच्या गळ्यात पडायला नको.”

“अरे, एकदा मोजून तरी बघायचंस.”

“तू बनावट म्हणालास, तेव्हा वाटलं मीच कुठेतरी फसलो,” भंगारवाला म्हणाला. “तुझं माप मी कधी परत मोजलंय?”