अठराव्या भागाचा शेरा

माझ्या पुण्यातल्या पहिल्या घरमालकांइतका संशयी आणि तरीही इतका भला माणूस या शहराने दुसरा घडवला असेल, यावर माझा विश्वास नाही. सूर्य पूर्वेला उगवतो हे त्यांना मान्य होतं, पण रोज गच्चीवर जाऊन खात्री करून घेतल्यावरच. दूधवाला, पेपरवाला आणि हवामान खातं या तिघांनाही ते "बघू" एवढंच म्हणत. एका कारखान्याच्या तपासणी विभागात त्यांचं सगळं आयुष्य गेलं होतं. लाखो खिळे, नट आणि झडपा त्यांनी नापास केल्या होत्या. निवृत्त झाल्यावर नापास करायला काही उरलं नाही, म्हणून त्यांनी उरलेल्या जगाकडे लक्ष वळवलं होतं.

मी वर्ध्याकडच्या एका खेड्यातला, आमच्या घरात पदवी मिळवलेला पहिलाच. पुण्यात नव्या नव्या कंप्युटर कंपन्या निघत होत्या, त्यांतल्या एकीने मला घेतलं, हे मला अजूनही एखाद्या कृपेसारखं वाटतं. पण कंपनीतली मुलाखत सोपी म्हणायची, अशी मुलाखत विश्रांतवाडीतली वरची खोली देण्याआधी या घरमालक काकांनी घेतली. "काम काय करता?" मी म्हटलं, "सॉफ्टवेअर टेस्टिंग करतो जी." "म्हणजे?" "दुसऱ्यांनी केलेल्या कामातल्या चुका काढतो." काका खुर्चीत ताठ झाले आणि आत वळून ओरडले, "अगं, ऐकलंस का? तपासणी खात्यातले आहेत!" काकू पदराला हात पुसत बाहेर आल्या, माझ्याकडे दयेने पाहिलं आणि म्हणाल्या, "म्हणजे आता घरात दोन झाले. चहा घेतोस ना रे?" खोली मिळाली.

खोलीबरोबर एक जबाबदारी मिळाली, ती मला नंतर कळली. पूर्वी दूरदर्शनवर गुप्तहेराची एक मालिका लागायची. तिचा सगळा संच व्हीसीडीवर आलाय असं कळताच काकांनी बुधवार पेठेत जाऊन तो आणला होता. दर रविवारी सकाळी एक भाग, तोही क्रमाने, आणि मी हजर असलंच पाहिजे. मालिका अर्ध्या तासाची होती. आम्हाला एका भागाला अडीच तास लागत. कारण काका दर मिनिटाला रिमोटने चित्र थांबवत आणि मांडीवरच्या जाड रजिस्टरमध्ये नोंद करत. त्यात शेऱ्याचे तीन रकाने होते : पास, दुरुस्तीयोग्य, नापास. पासचा रकाना कोरा होता. "हा माणूस पुराव्याला उघड्या हाताने हात लावतो. नापास." "मृताच्या घड्याळात पावणेदहा, भिंतीवर दहा. घड्याळं कोणी तपासली? नापास." तो गुप्तहेर दर वेळी गार झालेला चहा प्यायचा, हेही त्यांना मंजूर नव्हतं. "ज्याला चहा वेळेवर पिता येत नाही, तो खुनी काय वेळेवर पकडणार?"

शंका नुसती लिहून ते थांबत नसत, प्रयोग करत. एका भागात चोर पाण्याच्या पाइपवरून बॅग घेऊन चढतो. हे शक्य आहे का ते पाहायला कंपनीची बॅग पाठीला लावून मला आमच्या पाइपवर चढवण्यात आलं. मी अर्ध्यावर लोंबकळत असताना समोरच्या बाई म्हणाल्या, "तुमच्या भाडेकरूला जिन्याचा वापर मना आहे का हो?" दुसऱ्या एका भागात प्रेत दिवाणात लपवलेलं असतं. काका स्वतः घरच्या दिवाणात शिरले आणि मला झाकण लावायला सांगितलं. दोन मिनिटांनी आतून आवाज आला, "मावतो. पण शिंक येते, लिहून घ्या." तेवढ्यात गॅसचा माणूस आला आणि सिलिंडर लावण्याआधी दिवाणावर टेकला. दिवाण शिंकला. त्यानंतर तो माणूस सिलिंडर फाटकाबाहेरच ठेवून जाई.

पण या सगळ्या तपासणीमागे एक जुनी जखम होती. मालिकेचा अठरावा भाग दूरदर्शनवर लागला, तेव्हा शेवटची पाच मिनिटं राहिली असताना इथली वीज गेली होती. एका म्हाताऱ्या शेठजीचा खून झालेला असतो. काकांच्या मते तो मॅनेजरने केला, काकूंच्या मते नर्सने. कोणालाही विचारायचं नाही, पुरावा डोळ्यांनी बघायचा, असं काकांनी ठरवलं होतं आणि एवढी वर्षं दोघांनी ते पाळलं होतं. त्यात मधल्या काळात लेक बंगळूरला स्थायिक झाली. "दोघं इकडे या, घर मोठं आहे," असा तिचा धोशा सुरू झाला. काकूंना जायचं होतं, काकांना अंगणातलं पेरूचं झाड सोडवत नव्हतं. शेवटी काकांनी निकाल लावला : मॅनेजर निघाला तर विश्रांतवाडी, नर्स निघाली तर बंगळूर. "असं कुठं ठरवतात का हो?" मी घाबरत विचारलं. काकू म्हणाल्या, "आमचं लग्न पत्रिका बघून ठरलं. त्यापेक्षा हे बरं. निदान खून तरी झालाय."

माझी पंचाईत वेगळीच होती. आमच्या गावात वीज कधीच वेळेवर नसे, पण नेमकी त्या संध्याकाळी होती. गुरुजींच्या ओट्यावर बसून अख्ख्या आळीने तो भाग शेवटपर्यंत पाहिला होता. हे मी भोळेपणाने बोलून गेलो, तेव्हा काकांनी बोट ओठांवर ठेवलं. "एक शब्द काढलात, तर सामान फाटकाबाहेर. सिलिंडरशेजारी." मी गप्प राहिलो. घर बंद झालं तर माझी खोलीही जाणार, हा स्वार्थ त्यात नव्हता असं म्हणणार नाही.

अठरावा भाग जवळ येऊ लागला. काकूंनी माळ्यावरची मोठी सूटकेस उतरवली आणि "सहज" उन्हात ठेवली. काका पेरूला दिवसातून दोनदा पाणी घालू लागले. तो रविवार उजाडला. गुप्तहेराने गार चहाचा कप उचलला, सगळ्यांकडे पाहिलं, "खुनी याच खोलीत आहे" म्हणाला, आणि चित्राचे चौकोन चौकोन होऊन ते थिजलं. काकांनी सीडी पुसली, तिला टूथपेस्ट लावली, केळ्याची साल चोळली. गुप्तहेराचा कप हवेतच.

काका ती बदलून घ्यायला बुधवार पेठेत गेले. दुकानदाराने सीडी उजेडात धरली. "इथून नेली तेव्हा चकचकीत होती. घरी हिच्यावर भाकऱ्या थापल्यात का?" तरी त्याने दुसरी दिली. तीही त्याच जागी थिजली. तिसरी आणायला मला पाठवलं. ती शेवटची होती. मी कामाच्या सवयीने ती आधी ऑफिसात कंप्युटरवर लावून पाहिली. शेवटपर्यंत सुरळीत चालली. घरी आलो तेव्हा काका आंघोळीला गेले होते, म्हणून मी ती काकूंच्या हातात दिली. तासाभराने आम्ही बघायला बसलो. कप हवेत थांबला.

"संपूर्ण बॅच नापास!" काका म्हणाले. मी मात्र सीडीकडे बघत राहिलो. आतला भाग आरशासारखा होता, ओरखडे होते ते फक्त बाहेरच्या कडेला. सीडी आतून बाहेर वाचली जाते, शेवट कडेला असतो, यावर काकांनीच काकूंना आणि मला एक अख्खा रविवार व्याख्यान दिलं होतं.

काका झाडाला पाणी घालायला गेल्यावर मी स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिलो. काकू भांडी घासत होत्या. "काकू, सीडी चांगली होती जी." त्यांनी मान वर केली नाही. "टेस्टर ना तू. कळणारच." मग हळूच म्हणाल्या, "मॅनेजर निघाला असता तर माझं जाणं कायमचं संपलं असतं. नर्स निघाली असती तर हे हरून आले असते. हरलेला माणूस लेकीच्या घरी नेऊन मी काय करू? तिथं तो पाहुण्यासारखा कोपऱ्यात बसेल. त्यापेक्षा असं अर्धं राहिलेलं बरं." "तुम्ही शेवट पाहिला का?" "नाही. आणि तूही तोंडाने सांगू नकोस, चेहऱ्यानेही नको. तुझा चेहरा फार बोलका आहे." मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे तोंड केलं. काकू ती सूटकेस पुन्हा माळ्यावर टाकायला सांगतात की काय, या विचाराने मला रडू येत होतं.

सूटकेस माळ्यावर गेली नाही. पंधरा दिवसांनी काकांनीच ती उघडली आणि स्वतःचे शर्ट भरले. "कायमचं नाही," त्यांनी मला बजावलं, "लेकीचं घर तपासून येतो. मुली सांगतात तेवढं मोठं कधीच नसतं." घराची किल्ली, पेरूच्या पाण्याच्या वेळा आणि ते जाड रजिस्टर त्यांनी माझ्या ताब्यात दिलं. रिक्षा वळली तेव्हा काकू मागे वळून पाहत होत्या आणि काका रिक्षाचा मीटर तपासत होते.

त्या दिवशी मी रजिस्टर उघडलं. अठराव्या भागाच्या पानावर काकांच्या नेटक्या अक्षरात लिहिलं होतं : "नमुने तीन. दोष एकच. ओरखडे तारेच्या घासणीचे, कडेला भांड्यांच्या पावडरीचा अंश. दोषी व्यक्तीची ओळख पटली. हेतू समजला. चौकशीची गरज नाही." आणि शेऱ्याच्या त्या कोऱ्या रकान्यात, सगळ्या रजिस्टरात एकदाच : "पास."

लेकीचं घर तपासून व्हायला त्यांना अजून वेळ लागतो आहे. खोली माझ्याकडेच राहिली. काकांचा दर रविवारी सकाळी फोन येतो, मालिकेच्या वेळेला. ते पेरूची चौकशी करतात, मी सांगितलेल्या फळांच्या संख्येवर "बघू" म्हणतात आणि फोन काकूंकडे देतात. काकू माझ्या गावाकडच्या सगळ्यांची खुशाली विचारतात. मॅनेजर की नर्स, हे दोघांपैकी कोणीही अजून विचारलेलं नाही. मी मात्र फोनवर असलो तरी काकूंचा आवाज आला की सवयीने तोंड कॅलेंडरकडे करतो.