कान कोरडा झाला

गोवर आम्हा दोघांना एकदमच झाला. मी सात वर्षांचा, बहीण नऊ. माझा आला तसा गेला. तिचा डावा कान वाहू लागला. गोवर म्हणजे माता, देवीच; ती घरात आलेली असताना औषध चालत नसे. माय म्हणायची, मातेची आग आहे, ती बाहेर पडू द्यावी. मातेला शिवेवर बोळवून आलो तरी कान वाहतच राहिला, आणि पुढे घराला त्याची सवय झाली. बहीण कापसाचा बोळा घालून शाळेत जाई. मास्तरांनी डावीकडून हाक मारली की तिला ऐकू येत नसे; ते तिला मग्रूर म्हणत. आमचं भांडण झालं की ती मुद्दाम तोच कान माझ्याकडे करी. "दे आता शिव्या."

मी आता स्वतः शिकवतो. एखादं पोर मान वाकडी करून ऐकताना दिसलं की मला पुढचं वाक्य सुचत नाही.

चौदाव्या वर्षी तिला बघायला नांदुऱ्याकडचे पाहुणे येणार होते. सगळ्यांना धास्ती होती ती कानाच्या वासाची. मायनं मातेला नवस बोलला, आणि पाहुणे यायच्या आधी कान खरंच कोरडा झाला. मायनं आळीत गूळ वाटला. बहिणीचं डोकं ठणकत होतं, पोटात काही ठरत नव्हतं. पोरगी घाबरली आहे, असं सगळे म्हणाले. पाहुण्यांसमोर ती भिंतीला टेकून बसली.

ते गेल्यावर तिला उठता येईना. आमच्या धामणगावाहून बैलगाडी जुंपून आम्ही तिला मलकापूरला नेलं. डॉक्टरांनी कानामागे बोट दाबताच ती कळवळली.

"हा कान वाहत होता?"

"हाव," माय म्हणाली. "पण आता बंद झाला, डॉक्टरसाहेब. मातेनं ऐकलं."

डॉक्टर हात धुऊन आले. पू थांबलेला नाही, म्हणाले, बाहेरची वाट बुजली म्हणून तो आत, मेंदूकडे गेला आहे. मिळेल त्या गाडीनं अकोल्याला न्या.

आगगाडीच्या डब्यात बहिणीचं डोकं मायच्या मांडीवर होतं. माय तिला पुन्हा पुन्हा डाव्या कुशीवर वळवी, पदर कानाखाली धरी आणि पदराकडे बघे.

"वाहू दे वं माय," ती मातेला म्हणत होती. "वाहू दे."

"हलवू नको तिले," वडील म्हणाले. तिनं ऐकलं नाही.

शेगाव मागे पडल्यावर बहिणीचा श्वास थांबला. वडिलांनी तिचे डोळे मिटले. मायनं पदर काढला नाही. अकोला येईपर्यंत ती त्यावर ओल शोधत होती.