काकडीला दावलेलं बोट

माझं बोट वाईट हाय म्हनं. उजव्या हाताचं, आंगठ्याशेजारचं. साऱ्या पाली गावाला ठावं हाय, कारन माझी थोरली जाऊ ठकुबाई, म्हंजे आमची आक्का, येनाऱ्याजानाऱ्याला तेच सांगती. कवळ्या फळाला सरळ बोट दावलं का फळ कुजतं, दावायचंच तर बोट वाकवून दावायचं. ह्ये मलाबी कळतंय, म्या काय इमानातनं उतरले न्हाई! पन एकदा तिच्या परसातला दुधी भोपळा बघून म्हनले, "आक्का, केवढा झाला वो!" आन् चुकून बोट सरळ गेलं. पुढं भोपळा सडला. माशी लागली व्हती त्याला, डोळ्यांनी दिसत व्हती. पन न्हाई! खापर माझ्या बोटावर.

तवापासनं बाईनं बोलनं टाकलं. घरं एकाला एक लागून, परसात मधी नुसतं काटक्यांचं कुंपान, आन् मला काय सांगायचं असलं का माझ्या कोंबडीला सांगती. "सांग गं तुज्या मालकिनीला, माझी वांगी उकरलीस तर तंगडी मोडीन." आता कोंबडी काय सांगनार, कपाळ!

बाई खाष्ट, पन परस बगावं तिचं. मिरगाच्या आधी आळी तयार, खत घातलेलं. औंदा रोपं वर आली तशी गोगलगायींनी धरली. आक्का सकाळी मिठाचा डबा घेऊन एकेक येचायची, आन् परत्येकीला शिवी येगळी. मग गावामागल्या किल्ल्यावरनं वानरं उतरली, दोडक्याचा मांडव आडवा केला. "आली मंगीच्या म्हायेरची!" म्हनून वरडली. मंगी म्हंजे म्या, मला ऐकू जावं म्हनून लई मोठ्यांदा. जळला मेला सोभाव! पन वेलाला पयलं पिवळं फूल आलं का हीच बाई त्याच्याम्होरं उकिडवी बसून गालातल्या गालात हसायची. मला बघितलं का तोंड पुन्ना वाकडं.

तिचा सगळा जीव काकडीच्या वेलात. बी तिच्या आईनं दिलेलं, लगीन झालं तवा पदराला बांधून. दर साली लावायचं, दर साली नवं बी धरायचं. गेल्या साली पावसानं वेल कुजले, बी धरताच आलं न्हाई. जुनं उरलंसुरलं व्हतं ते औंदा लावलं, तर एकच वेल जगला. त्याची एक काकडी तिनं लाल चिंधी बांधून बियाला राखली. ती गेली का आईचं बी संपलं. आई तर कवाच गेली.

दसऱ्याच्या आधी आक्का डोळा दावायला एसटीनं वेल्ह्याच्या दवाखान्यात गेली. मला सांगून जाईल व्हय? जाताना कोंबडीला म्हनली, "मी सांजच्याला येती. काकडीकडं ध्यान ऱ्हाऊ दे." म्या ऐकलंच न्हाई असं दावलं.

दुपारी ट्रेकिंगवाल्यांचं टोळकं किल्ला उतरून आलं. म्या भाकरी थापत व्हते. आक्काचं रस्त्याकडलं कुंपान कडाडलं म्हनून भायेर पळाले, तर गॉगल लावलेला एक बाप्या रस्त्यावर उभा ऱ्हाऊन काकडी चाकूनं कापतोय! एक फोड तोंडात घातली, "ई, आंबट!" म्हनला आन् बाकीची दिली फेकून.

"मुडद्या, बियाची व्हती ती!"

"सॉरी काकू, चिंधी बघून आम्हाला वाटलं कुणाचा नवस असेल."

"मग नवसाचं खात्यात व्हय रं? थुक!"

"काय?"

"बी हाय तोंडात. थुक माझ्या हातावर!"

थुकला. तोंड बगन्यासारखं झालं व्हतं त्याचं. तिकडं फेकलेल्या काकडीवर माझ्याच कोंबड्या तुटून पडल्या व्हत्या. त्या हुसकल्या, मातीत फतकल मारून एकेक बी येचलं, आन् येचताना आक्काला मनसोक्त शिव्या घातल्या. मग पुढल्या सालापातुर टिकावं म्हनून बी धुतलं, राखंत घोळलं आन् शेनाच्या गोळ्यात बशिवून तिच्याच मागल्या भिंतीला थापलं.

सांजला आक्का आली. वेल रिकामा, खाली चिंधी.

"मंगे! गिळलीस ना गं सटवे! माझ्या आईचं बी गिळलंस!"

इतक्या सालांनी माझ्याशी बोलली, ती ह्ये! माझ्या नावानं कडाकडा बोटं मोडली. माझं डोकं सनकलं. म्या भिंतीकडं बोट दावलं. सरळ.

आक्का भिंतीपाशी गेली. चांगल्या डोळ्यानं वाकून वाकून बघितलं, गोळ्यावरनं हात फिरवला. मग वळली, तर माझं बोट अजून तसंच.

"अगं वाकव की त्ये! बी हाय, बोट नको दावू!" म्हनत धावली, आन् माझं बोट मुठीत धरून तिनंच वाकवलं.

"आक्का, मोडतंय वो," म्या म्हनले.

"मोडू दे मेलं," म्हनली, पन सोडंना.