दुसऱ्या फेरीआधीचं सुतक

आई गेली तेव्हा मी इथे जपानात, सेंदाईतच होते. तिकीट मिळेपर्यंत भावाने तिकडे सगळं उरकलं होतं, म्हणून गेलेच नाही. त्याच आठवड्यात विद्यापीठातल्या आमच्या विभागात आले, तर चहाच्या वेळी प्रोफेसरांनी सगळ्यांसमोर माझं उदाहरण दिलं. बघा, याला म्हणतात रेझिलियन्स. मी मान झुकवली. दुःख दिसलं नाही म्हणजे ते नाहीच, असा आमच्या विभागाचा शास्त्रीय समज आहे.

प्रकल्पही याच गुणावर होता. शहरातल्या आफ्रिकी स्थलांतरितांची सोसण्याची ताकद वाढवायची, आणि तीही समुदायाच्या भागीदारीत. ही भागीदारी म्हणजे त्यांच्या मंडळाच्या अध्यक्षबाई. त्या मूळच्या घानाच्या, इथे बेंतोचे, म्हणजे तयार जेवणाचे डबे भरायच्या कारखान्यात कामाला. प्रकल्पाच्या वेबसाइटवर त्यांचा फोटो सर्वांत मोठा होता. फोटो काढून झाल्यावर त्यांचं मत कुणी विचारल्याचं मला आठवत नाही. पहिल्या फेरीत सगळ्यांकडून प्रश्नावली भरून घेतली. मग त्यांना श्वासाचे व्यायाम आणि कागदाच्या घड्या शिकवल्या. परक्या देशात, परक्या भाषेत घरं उभी केलेल्या माणसांना आम्ही श्वास कसा घ्यावा ते दाखवत होतो. आता दुसऱ्या फेरीत ताकद किती वाढली ते मोजायचं होतं.

तेवढ्यात बाईंची आई गावी वारली.

त्यांच्याकडे घाई नसते. सगळे नातेवाईक जमेपर्यंत देह शवागारात ठेवतात, मग दिवस ठरवून, गाण्याबजावण्यासह दफन करतात. परदेशातली माणसं त्याच दिवशी, असतील तिथे जमतात. वॉर्डाच्या सभागृहात मोठा आवाज चालत नाही, शिजवलेलं अन्न नेता येत नाही. म्हणून प्रोफेसरांनी आपण होऊन विभागाचा हॉल देऊ केला होता. भागीदारांचं ते घरच, म्हणाले.

दफनाची तारीख दुसऱ्या फेरीच्या ऐन आधी येत होती, ही अडचण आमच्या आकडेवारीवाल्याला दिसली. तो पुण्याचा.

“अगं, सगळे रडून आले की स्कोअर धाडकन खाली. सगळी मेहनत पाण्यात.”

“आई गेलीय त्यांची.”

“वाईटच झालं ना. पण थोडं नंतर करायला काय हरकत आहे? आपल्याकडे सुट्ट्या बघून तेरावं मागेपुढे करतातच की.”

निर्णय एकत्र घ्यायचे असं आम्ही अनुदानाच्या अर्जात लिहिलेलं, त्यामुळे बैठक झाली. टेबलाच्या एका बाजूला आम्ही सगळे, समोर बाई एकट्या.

“तुमच्या दुःखाचा आम्हाला पूर्ण आदर आहे,” प्रोफेसर म्हणाले. “फक्त ते दुसऱ्या फेरीनंतर व्यक्त झालं, तर सर्वांच्याच सोयीचं होईल.”

“सेन्सेई, तिकडे खड्डा खणायचा दिवस ठरलाय. आईला काय कळवू? जपानात आकडे यायचेत, तोवर फ्रीजमध्येच थांब?”

“हाही एक दृष्टिकोन आहे,” प्रोफेसर म्हणाले आणि तो टिपून घ्यायला सांगितला.

बाई उठल्या. “तुमची आणि तिची भेट व्हायला हवी होती. तीही कुणाचं ऐकायची नाही.”

मग हॉल दुरुस्तीसाठी बंद असल्याचं कळवण्यात आलं. त्यात दुरुस्त करण्यासारखं काय होतं ते अजून कुणाला सापडलेलं नाही. बाईंच्या नवऱ्याचं शहराबाहेर जुन्या गाड्यांचे भाग परदेशी पाठवायचं आवार होतं, तिथे कार्यक्रम ठरला. त्यावर प्रोफेसरांचा सगळ्यांना मेल आला, की जे तिथे जातील त्यांना दुसऱ्या फेरीतून वगळण्यात येईल. आमच्याकडे सुतकातल्या माणसाला देवघरात घेत नसत. इथे प्रश्नावलीजवळ घेत नव्हते. आमच्या घरच्या भटजींनी निदान स्वतःला संशोधक म्हणवलं नाही.

त्या संध्याकाळी बस बदलून मी तिथे गेले. इंजिनांच्या चळतींमधल्या मोकळ्या जागेत खुर्च्या मांडल्या होत्या. माणसं त्यांच्या शोकाच्या काळ्या-लाल कपड्यांत. भाताचा आणि तळलेल्या माशांचा वास, मोठ्याने गाणं. मंडळातली झाडून सगळी माणसं आली होती.

बाईंनी माझ्या मनगटाला लाल कापड बांधलं. “सिस्टर, तू पण बाद.”

“हो.”

“सगळेच बाद. आता मोजा म्हणावं गाड्यांना.”

आजूबाजूचे हसले. मीही हसले, आणि हसता हसता रडायला लागले. बाईंनी ताटात भात वाढून माझ्या हातात दिलं.

तिकडची सकाळ उजाडली होती. एका गाडीच्या बॉनेटवर व्हिडिओ कॉल लावलेला फोन टेकवून ठेवला होता, त्यात शवपेटी दिसू लागली तसं कुणीतरी गाणं थांबवलं. पेटी दोरांवरून खाली सोडू लागले तेव्हा बाई फोनवर वाकल्या आणि आपल्या भाषेत ओरडल्या. शेजारच्या बाईने मला अर्थ सांगितला: हळू रे, तिचे गुडघे दुखतात.

पलीकडे दोर धरलेल्यांनी वर पाहिलं. मग त्यांनी खरंच हात सावकाश केले.