हळदीच्या दुसऱ्या दिवशीची फेरी

मोहने गावच्या नाथाच्या व्हॅनमध्ये मूल बसलं की आया निर्धास्त घरात वळायच्या. शाळेच्या फेऱ्या मारण्यात त्याचं अर्धं आयुष्य गेलं, ते या विश्वासावर. पुढच्या सीटवर त्याची नात प्राची बसायची. ती जागा दुसऱ्या कुणाला मिळत नसे.

पुतण्याच्या हळदीला घरातला वडीलधारा म्हणून दारूचा पहिला पेला नाथाचा. मान नाकारायचा कसा? पण पहिलाच तेवढा मानाचा. पुढचे सगळे त्याच्या हौसेचे, आणि ते उजाडेपर्यंत चालले. सकाळी त्याने अंघोळ केली, बडीशेप चघळली आणि किल्ली उचलली.

"आज नका जाव," बायको भागीरथी म्हणाली. "डोले लाल हान तुमचे."

"जागरणानं. दारू कवाच उतरली."

उतरली की नाही हे पिणाऱ्याला विचारू नये, हे सगळ्या जगाला ठाऊक. नाथाने स्वतःलाच विचारलं आणि स्वतःच उत्तर दिलं. नातीला तिच्या दारातून घेतलं, बाकीची मुलं घेतली. शहाडच्या पुलाजवळ पोलिसांनी अडवलं, यंत्रात फुंकर मारायला लावली आणि लगेच किल्ली काढून घेतली. मुलं दप्तरं मांडीवर घेऊन फुटपाथवर बसली. आया येऊन आपापलं मूल घेऊन गेल्या. एखादीने शिवी हासडली असती तर त्याला बरं वाटलं असतं. शेवटी प्राची उरली. तिला न्यायला नाथाची मुलगी वर्षाली आली.

कोर्टात त्याने गुन्हा कबूल केला. दंड झाला, लायसन्स सहा महिन्यांसाठी गेलं. जेल टळली म्हणून वकील खूश होता. थोडक्यात सुटलो, असं नाथालाही वाटलं.

त्यानंतर तो दारूच्या थेंबालाही शिवला नाही. लायसन्स परत मिळालं त्याच्या दुसऱ्या सकाळी तो पुढची सीट पुसून वर्षालीच्या दारात हजर झाला.

"बाबा, चहा घ्या. प्राचीला मी सोडते."

"अगं, दारू सोडली मी. देवाशपथ."

"माहीत आहे."

"मग?"

वर्षालीने प्राचीचा हात धरला. "त्या दिवशीही तुम्ही असेच दारात आलेलात, बाबा. हसून बोललात. मला काहीच कळलं नव्हतं."

मायलेकी चालत शाळेकडे निघाल्या, आणि नाथा व्हॅनपाशी किल्ली हातात धरून उभा राहिला.